हुद्दा : मार्कर

आमचे आतोबा हे या पृथ्वीवरचे एकमेव गृहस्थ असतील, ज्यांनी स्वतःच्या लग्नात अंतरपाटाची उंची मोजायला लावली. हे मला खुद्द आत्यानं सांगितलं आहे, आणि लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी सांगताना तिच्या चेहऱ्यावरचा धक्का कालचाच वाटत होता. मंगलाष्टकं सुरू व्हायची होती, दोघेजण अंतरपाट धरून उभे होते, आणि मुंडावळ्यांच्या आडून नवरदेवाचा आवाज आला की हा मधे झोल खातो आहे. मधे पाच फूट आणि दोन्ही टोकांना पाच फूट एक इंच, इतकाच फरक चालतो. भटजींना वाटलं, नवऱ्या मुलाला ऊन लागलं. पलीकडे हार घेऊन उभ्या असलेल्या आत्याला वाटलं, मुलगा कारकून आहे असं सांगून आपल्याला एखाद्या कापडवाल्याच्या गळ्यात बांधलं. तो कापडाचा हिशेब नसून बॅडमिंटनच्या जाळीचा नियम आहे हे कळायला तिला पुढे तीन महिने लागले, आणि कळल्यावर कापडवाला परवडला असता असं तिचं मत झालं.

मी पिंपरीला त्यांच्याकडे राहायला आलो तेव्हा स्वराज्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, आणि ते पुरतं मिळालेलं नाही याबद्दल माझी खात्री होती. मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. माझे वडील पत्रकं लिहीत, छापून आणत आणि स्वतःच वाटत. आमच्या घरी भाकरी पत्रकात गुंडाळली जाई आणि 'शोषण' हा शब्द मी 'शाळा' या शब्दाच्या आधी वाचायला शिकलो. अशा माणसाला नव्या कारखान्यात कारकुनी मिळाली आणि राहायला कारखान्याच्या चाळीतलं आत्याचं घर. आतोबा त्याच कारखान्यात स्टोअरकीपर होते. पण ही झाली पोटापुरती ओळख. दारावरची पाटी वेगळंच सांगत होती. वर 'पवना-इंद्रायणी विभाग बॅडमिंटन असोसिएशन', खाली आतोबांचं नाव आणि त्याखाली 'मानद चिटणीस'. त्यातल्या 'मानद' या शब्दाखाली तांबड्या रंगाची जाड रेघ. पहिल्याच संध्याकाळी मी सहज विचारलं की असोसिएशनचे खेळाडू किती. आतोबा म्हणाले, खेळाडू अजून नाहीत, पण घटना तयार आहे. मला वाटलं ते थट्टा करताहेत. त्यांनी ट्रंक उघडून बत्तीस कलमांची घटना माझ्यापुढे ठेवली. शिवाय छापील कागद, रबरी शिक्का, आणि सालाबादचा अहवाल, ज्यात लिहिलं होतं की अहवाल सालात एकही सामना न झाल्यामुळे पंचांच्या निर्णयाबद्दल एकही तक्रार आली नाही. मी सुन्न झालो. आमच्या पक्षातसुद्धा इतकी शिस्त नव्हती.

जगात बॅडमिंटन कसं चालतं हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी जेवताना समजावून दिलं. ताट म्हणजे सगळ्या जगाचं मंडळ. आमटीची वाटी म्हणजे आपल्या देशाचं. भाजी म्हणजे प्रांताचं मंडळ, चटणी म्हणजे जिल्हा. मी विचारलं, मग आपण कोण. त्यांनी लिंबाची फोड उचलून दाखवली आणि म्हणाले, आपण अजून ताटात नाही, संलग्न झालो की ताटात. 'संलग्न' हा शब्द ते असा उच्चारत की ऐकणाऱ्याला वाटावं, मुलीचं लग्न ठरतं आहे. प्रांताच्या मंडळाला दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यांचं एक पत्र जाई, 'आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत'. उत्तर येत नसे. आतोबांना त्याचं दुःख नव्हतं. ते म्हणत, नकारही आला नाही, म्हणजे विचार चालू आहे. ज्या देशात अर्ज म्हटला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई, त्या देशात अर्जावर इतकं निरागस प्रेम करणारा माणूस असू शकतो, हेच मला सहन होत नव्हतं.

चाळ आणि गोदाम यांच्यामधल्या मोकळ्या जागेत त्यांनी स्वतः चुना ओढून कोर्ट आखलं होतं, चव्वेचाळीस फूट लांब आणि वीस फूट रुंद, शेणानं सारवलेलं. गावातली एक म्हैस रोज दुपारी त्यात येऊन बसे. म्हशीला त्यांची हरकत नव्हती, पण ती सर्व्हिसच्या रेघेवर बसते याला होती. मालक म्हणाला, "सेक्रेटरी, जनावराला रेघ कळती व्हय?" त्यावर आतोबांनी त्याला बाहेरची रेघ दाखवून त्या पलीकडचा सगळा प्रदेश म्हशीला लेखी बहाल केला, शिक्क्यासकट. नदीकडून वारा आला की ते रुमाल टांगून पाहत. रुमाल हलला की सराव रद्द. पिंपरीत रुमाल हलत नाही असा दिवस आठवड्यातून एखादाच. फूल, म्हणजे पिसांचं ते शटल, नवीन आलं की ते घेऊन आतोबा चिंचवडच्या सोनाराकडे जात, कारण फुलाचं वजन नियमात बसायला हवं आणि ते ग्रेनमध्ये असतं, आणि ग्रेनच्या जवळ जाणारं वजन या भागात फक्त गुंजेत होतं. सोनारानं पहिल्यांदा तराजूत पिसं पाहिली तेव्हा म्हणे त्यानं दुकानाचं अर्धं दार लावून घेतलं. पुढे त्याला सवय झाली. तो वजन सांगे, अर्ध्या तोळ्याला पाच गुंजा कमी, आणि गंभीरपणे विचारी की यात सांध्याला डाग घालायचा आहे का.

एकदा ते मला चाकणला घेऊन गेले. असोसिएशनच्या नावात इंद्रायणी असल्यामुळे नदीपलीकडचे सभासद असणं त्यांना नैतिकदृष्ट्या आवश्यक वाटत होतं. बाजाराचा दिवस होता. कांद्याच्या ढिगाशेजारी उभं राहून आतोबांनी फूल वर धरलं आणि खेळाची माहिती सांगायला लागले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, ही पिसं कोंबडीची काय. आतोबा म्हणाले, हंसाची. म्हाताऱ्यानं फूल परत त्यांच्या हातात ठेवलं. मग म्हणाला, "आमी कोंबडी खातो आन् पिसं टाकतो. तुमी पिसं ठिवून हंस टाकता व्हय?" तरीही त्या दिवशी सात जणांनी सभासदपत्रावर अंगठे उठवले. आतोबा परतीच्या एस.टी.त इतके खूष होते की मला काही बोलवेना. पंधरा दिवसांनी चाकणहून पोस्टकार्ड आलं की योजनेतल्या कोंबड्या केव्हा मिळणार. ते कार्ड आतोबांनी 'आवक' या फायलीत नंबर घालून ठेवलं.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकत असे. हा माणूस खेळत कधीच नव्हता. हळूहळू कारखान्यातली पाच-सहा माणसं संध्याकाळी कोर्टावर यायला लागली. आतोबा टेबलावर स्टूल ठेवून त्यावर बसत आणि पंचाचं काम करत. रॅकेट मात्र हातात धरत नसत. कुणी आग्रह केलाच तर म्हणत, चिटणीसानं खेळू नये असा संकेत आहे. आणि मग नेहमीचं वाक्य येई, "आम्ही जिमखान्यात असताना..." जिमखान्यात असताना फुलं लंडनहून येत. जिमखान्यात असताना बूट पांढरे नसतील तर पायरी चढू देत नसत. हे ऐकलं की माझं रक्त उकळे. साहेबाच्या राज्यात पुण्याच्या जिमखान्यात एका नेटिव्ह माणसाला प्रवेश मिळाला, म्हणजे त्यानं किती मान तुकवली असेल याचा मी मनाशी हिशेब करी. आपण अन्न कुणाच्या घरचं खातो आहोत, या विचारानं मला एक-दोनदा घास गिळवला नाही. आत्याला वाटलं मीठ जास्त झालं.

मग नामदेव आला. दापोडीच्या एका वर्कशॉपमधला कामगार, पंचविशीचा, मूळचा साताऱ्याकडचा, बोलायला कमी आणि अंगानं काटक. वर्कशॉपमधून सुटला की तो रुळाच्या कडेकडेनं चालत पिंपरीला येई आणि प्लायवुड कापून स्वतः बनवलेल्या बॅटनं खेळे. पहिल्या दिवशी आतोबांनी त्या बॅटला हरकत घेतली, नियमांच्या पुस्तकात अर्धा तास शोध घेतला, आणि नियमात बॅटविषयी काहीच लिहिलेलं नाही हे सापडल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की देवळात जाऊन पाहावं तर गाभारा रिकामा. पण नामदेव मारायला लागला आणि स्टुलावरचे आतोबा उभे राहिले. नामदेव फूल रेघेवर टाकत असे. रेघेजवळ नव्हे, रेघेवर. चुना उडालेला दिसे. कसं जमतं असं विचारलं तर म्हणे, "दिवसभर तेच करतो की."

त्याच वर्षी प्रांताच्या मंडळाचं उत्तर आलं. पुण्यात प्रांताच्या स्पर्धा होत्या. नव्या विभागांनी एक खेळाडू पाठवावा, त्यावरून संलग्नतेचा विचार होईल. आतोबांनी ते पत्र देवापुढे ठेवलं. स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी होती. खेळावर ज्यानं पैसा मिळवला तो धंदेवाईक, आणि धंदेवाइकाला मनाई. प्रवेशपत्र भरायला नामदेव रविवारी सकाळी घरी आला. आतोबांनी दौत मांडली, टाक पुसला. नाव लिहिलं, वय लिहिलं. हुद्दा या शब्दापुढे एकाच शब्दापुरती चौकट होती. नामदेवनं वर्कशॉपचा पास पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, मार्कर.

आतोबांचा टाक थांबला. मला वाटलं शाई संपली. त्यांनी नामदेवला विचारलं, याला दुसरं काही नाव आहे का. नामदेव म्हणाला, न्हाई, पासावर हेच हाय. त्याचं काम म्हणजे ओतीव लोखंडाला खडू फासायचा, सुईनं रेघा ओढायच्या आणि जिथं भोक पाडायचं तिथं ठिपका मारायचा. पुढचे सगळे त्याच्या रेघेवर काम करतात. असा माणूस वर्कशॉपमध्ये मार्कर. आतोबांनी दोनदा पास वाचला, कागद वाचला, 'चौकटीबाहेर लिहू नये' ही तळटीप वाचली, आणि चौकटीत तो शब्द लिहिला.

आठ दिवसांत मंडळाचं उत्तर. मार्कर हे क्लबचे पगारी नोकर असून पगार घेऊन सभासदांबरोबर खेळतात, सबब धंदेवाईक आहेत, अर्ज नामंजूर. शिवाय धंदेवाइकाला हौशी म्हणून पुढे केल्याबद्दल पवना-इंद्रायणी विभागाला संलग्नता का नाकारू नये याचा खुलासा करावा. मी ते पत्र मोठ्यानं वाचलं आणि वाचतानाच माझा आवाज चढत गेला. नामदेव उंबऱ्याशी उभा होता. त्याला सगळं दोनदा सांगावं लागलं. मग तो म्हणाला, "म्या रेघा मारतो, सेक्रेटरी. साहेबांबरं खेळत न्हाई. त्यांना सांगा की."

सांगायचं काय, यावर आमच्या घरात रणकंदन झालं. आत्या म्हणाली, अहो, फिटर लिहा आणि मोकळे व्हा, नाहीतरी फिटर आणि मार्करमधला फरक लोखंडाला तरी कळतो का. वर्कशॉपचा फोरमनही नामदेवला फिटर म्हणून चिठ्ठी द्यायला तयार होता. आतोबा ऐकेनात. हुद्दा कंपनीनं दिला आहे, तो बदलायचा अधिकार कंपनीला, चिटणीसाला नाही. खोटा हुद्दा लिहून खेळला तर तो जिंकला तरी हरल्यासारखाच. नामदेव निघून गेला. मी तडक अंगणात गेलो. एका शब्दासाठी, एका मेलेल्या साहेबाच्या नियमासाठी, हा माणूस जिवंत कामगाराचा बळी द्यायला निघाला होता. त्या दुपारी मी पत्रक लिहिलं. नाव, 'मैदान कोणाचे?' पहिलंच वाक्य होतं, 'साहेब गेला, पण त्याची पायरी चाटणारे उरले.' पुढे मी लिहिलं होतं की जिमखान्याच्या पायरीवर बसून ज्यांनी साहेबाचं सरबत प्यायलं, त्यांच्या घशाखाली कामगाराचा घाम कसा उतरणार. नाव घातलं नव्हतं, पण या भागात जिमखान्याचं नाव घेणारा माणूस एकच होता. दोनशे प्रती मी कारखान्याच्या फाटकावर वाटल्या. लोकांनी वाचल्या आणि माझ्याकडे पाहून माना हलवल्या. मी धन्य झालो.

संध्याकाळी माझ्या अंथरुणावर एक प्रत ठेवलेली होती. तांबड्या पेन्सिलीनं दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलेलं होतं आणि मी दिलेला नियमाचा क्रमांक खोडून बरोबर क्रमांक लिहिला होता. आतोबा दाराशी आले. मी मनात उत्तरं जुळवून तयार होतो. ते म्हणाले, "पायरीचं तेवढं चुकलं आहे तुझं. सभासद पायरीवर बसत नसत, खुर्चीवर बसत. लिहायचं तर तपशील बरोबर हवा." आणि उद्या पुण्याला चल, साक्षीदार म्हणून तुझी सही लागेल, असं सांगून हातपाय धुवायला गेले. मी हबकून बसलो. त्यांना राग आला असता तर मला समजलं असतं.

पुण्याला आम्ही तिघे गेलो. नामदेवनं गोणपाटात गुंडाळून एक ओतीव लोखंडाचा तुकडा बरोबर घेतला होता, त्यावर त्यानं ओढलेल्या रेघा होत्या, पुरावा म्हणून. एस.टी.च्या कंडक्टरनं त्या तुकड्याला सामानाचं तिकीट लावलं. मंडळाची बैठक कॅम्पातल्या एका जिमखान्याच्या व्हरांड्यात होती. फाटकातून आत शिरल्यावर समोर रुंद पायऱ्या होत्या, पण आतोबा सरळ डावीकडे वळले, स्वयंपाकघराच्या बाजूनं, पाण्याच्या टाकीमागून एका लहान दारापाशी जाऊन पोचले आणि तिथंच थबकले. मला वाटलं वाट चुकले. मी म्हटलं, आतोबा, रस्ता समोरून आहे. ते म्हणाले, हो, आता समोरून आहे, आणि परत फिरून पायऱ्यांकडे आले.

व्हरांड्यात तिघे सभासद बसले होते. मधले अध्यक्ष, वय झालेले, पांढरा कोट घातलेले, वागायला सभ्य. त्यांनी आम्हांला खुर्च्या दिल्या. नामदेवनं गोणपाट सोडून लोखंड टेबलावर ठेवलं, टेबल कुरकुरलं, आणि त्यानं खडूसुई काढून तिथल्या तिथं एक रेघ ओढून दाखवली. अध्यक्षांनी चष्मा लावून ती कौतुकानं पाहिली. मग म्हणाले की हे छान आहे, पण यानं सिद्ध काय होतं. माणूस दिवसा लोखंडावर मार्कर असेल आणि संध्याकाळी एखाद्या क्लबात. पुण्याच्या आसपास क्लब थोडे नाहीत. हा मार्कर त्यातला नव्हे, असं छातीवर हात ठेवून कोण सांगणार?

मी बोलायला उठलोच होतो. माझ्याजवळ पंधरा मिनिटांचं भाषण तयार होतं. आतोबांनी मला हातानं खाली बसवलं.

"मी सांगतो," ते म्हणाले. "मला मार्कर ओळखता येतो."

"कसा काय?"

"मी होतो. इथंच. नऊ वर्षं."

आतोबा उभे राहून सांगत होते, हात पाठीमागे, अहवाल वाचावा तसे. अकराव्या वर्षी त्यांना फुलं वेचायला ठेवलं. पुढे हात बसला तसा मार्कर केलं. पगार महिन्याचा, जेवण स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर. सकाळी मडमांबरोबर खेळायचं, संध्याकाळी साहेबांबरोबर. मार्करला दोन गोष्टी येत असाव्या लागत. समोरच्याच्या हातात फूल द्यायचं, आणि आपण प्रयत्न करून हरतो आहोत असं दिसायला हवं. कुणाच्या अंगावर मारायचं नाही, रेघेवर टाकायचं नाही. एकदा त्यांनी चुकून एका साहेबाच्या मागच्या कोपऱ्यात रेघेवर फूल टाकलं होतं, तर चार दिवसांचा पगार कापला गेला. "या माणसाला खेळताना पाहा," ते नामदेवकडे हात करून म्हणाले. "हा प्रत्येक फूल जिंकायला मारतो. हा एक दिवस जरी मार्कर असता तरी त्याच्या मनगटात ते राहिलं असतं. ते जात नाही. मी वीस वर्षं रॅकेट धरलेली नाही ती म्हणूनच."

मी जमिनीकडे पाहत होतो. जिमखान्याच्या फरश्या काळ्या-पांढऱ्या होत्या, एवढंच मला त्या वेळचं आठवतं. ज्या पायरीवर बसून सरबत प्यायल्याचा मी दोनशे प्रतींत छापून गावभर आरोप केला होता, त्या पायरीवर बसून एक मुलगा उरलेला भात खात होता.

अध्यक्षांनी बाजूच्या दोघांकडे पाहिलं. म्हणाले, ठीक आहे, खेळाडूचा अर्ज मंजूर. आणि मग, थोडं अवघडून, म्हणाले की चिटणीसमहाशयांनी आत्ता जे सांगितलं ते नोंदवायची गरज नाही. त्यांचा हेतू चांगला होता. पण आतोबांनी कोटाच्या खिशातून एक लखोटा काढून टेबलावर ठेवला होता. त्यात राजीनामा होता, तीन प्रतींत, आदल्या दिवशीची तारीख घातलेला. धंदेवाइकाला असोसिएशनचं पद धरता येत नाही, आमच्याच घटनेचं कलम नववं. अध्यक्ष म्हणाले, वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, कशाला उकरता. आतोबा म्हणाले, "कलम मीच लिहिलं आहे, साहेब. तेव्हा मला वाटलं होतं की मानद असलं की मागचं पुसलं जातं." त्यांनी रबरी शिक्काही टेबलावर ठेवला, लोखंडाच्या तुकड्याशेजारी.

परतताना एस.टी.तून दापोडीला उतरताना नामदेवनं वाकून आतोबांच्या पायांना हात लावला आणि त्यांनी त्याला फक्त एवढंच बजावलं की बूट पांढरे लागतात. घरी आल्यावर मी आत्याला एकटीला गाठून विचारलं की तुला हे माहीत होतं का. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, लग्नानंतर तिसऱ्या महिन्यातच सांगितलं होतं त्यांनी, तुझ्या बापालासुद्धा. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं. "तुला सांगितलं असतं," आत्या मान वर न करता म्हणाली, "तर तू त्याचंही पत्रक काढलं असतंस." दोनशे घरांत माझं पत्रक पडून होतं, आणि पत्रकात माफीसाठी जागा कुठे सोडतात हे वडिलांनी मला शिकवलं नव्हतं. मी दुसरं पत्रक लिहायला घेतलं, चार वेळा फाडलं, आणि शेवटी फाटकावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला तोंडानंच सांगितलं, की मी लिहिलेलं खोटं होतं. तीन दिवस सांगत होतो. काही लोक थांबले, बरेच पाळी चुकेल म्हणून पुढे गेले.

नामदेव पुण्यात दोन सामने जिंकला आणि तिसऱ्यात हरला. ते सामने आतोबांनी दोरीबाहेर उभं राहून पाहिले. पदाधिकाऱ्यांच्या खुर्च्यांत बसा असं अध्यक्ष स्वतः येऊन म्हणाले तरी बसले नाहीत. असोसिएशन त्या वर्षी संलग्न झालं. ते पत्र नव्या चिटणीसांच्या नावानं आलं. कारखान्यातले एक अधिकारी, चांगला माणूस, पण त्यांना फुलाचं वजन करतात हेच माहीत नव्हतं. आतोबांनी दारावरची पाटी काढली तेव्हा भिंतीवर तिच्याएवढा एक स्वच्छ चौकोन उरला, आणि आत्यानं तिथं कॅलेंडर लावलं.

थंडीतल्या एका रविवारी सकाळी मी कोर्टावर एकटाच रॅकेट घेऊन भिंतीवर मारत होतो. मला खेळ कधीच आलेला नाही. आतोबा येऊन उभे राहिले. मी म्हटलं, आता तुम्ही चिटणीस नाही, संकेत संपला, या. ते नाही-हो करत आले. त्यांनी रॅकेट हातात घेतली, तोलली, आणि आम्ही खेळायला लागलो. वारा नव्हता. काय झालं कोण जाणे, त्या दिवशी माझा प्रत्येक फटका बसत होता. फूल माझ्या हाताशीच येई, थोडं उजवीकडे, थोडं उंच, मारावंसं वाटेल असं. आतोबा धावत होते, वाकत होते, एक-दोनदा अगदी थोडक्यात चुकले आणि स्वतःवरच चुकचुकले. मी पंधरा-अकरा असा जिंकलो. छाती फुगली होती, घाम आला होता, आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं की मला हे येतं. आणि मग जाळीपलीकडे पाहिलं तर आतोबांना घामही आलेला नव्हता.

मला ते समजायला जरा वेळ लागला. मी म्हटलं, "आतोबा, एकदा तरी माझ्याशी खरं खेळा ना."

ते जाळीपाशी आले. रागावले नव्हते, उलट मी काहीतरी अवघड मागितल्यासारखे विचारात पडले होते.

"खरंच खेळलो रे," ते म्हणाले. "दुसरं मला कुणी शिकवलंच नाही."

मग त्यांनी वाकून फूल उचललं, त्याची पिसं बोटांनी सारखी केली आणि माझ्या हातात दिलं. जिंकलेल्याची सर्व्हिस असते, म्हणाले, तू सुरू कर.